फळांच्या सावलीला रंग असतो

एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट यांपैकी एकही चित्रकलेची परीक्षा कुणीच दिलेली नाही, असे मराठी घर शोधायला दिवा घेऊन हिंडावे लागेल. वस्तुचित्राच्या पेपरला वर्गाच्या मधोमध टेबल असे. टेबलावर एक मडके, त्याला टेकलेले वांगे, एखादा कांदा, केंद्र जरा सधन असेल तर सफरचंद, आणि मागे चुण्या पाडून सोडलेला पडदा. आपल्या वाट्याला नेमकी अशी जागा यायची की, मडक्याआड सफरचंद लपलेले आणि वांग्याचे फक्त देठ दिसते आहे! शिकवण ठरलेली होती. उजेड एका बाजूने येतो, सावली दुसऱ्या बाजूला पडते; आणि सावली करायची म्हणजे वस्तूच्याच रंगात थोडा काळा मिसळायचा. पेपर संपला की मडके कपाटात जाई, वांगे शिपायाच्या घरी जाई आणि फळांचे चित्र आपल्या आयुष्यातून बहुधा कायमचे जाई. पुढे ते भेटते एखाद्या हॉटेलच्या भिंतीवर किंवा कोणी लग्नात दिलेल्या फ्रेममध्ये. तिथे त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

याचे कारण मला असे वाटते की, फळांच्या चित्रात पाहायचे काय, हेच आपल्याला कळत नाही. निसर्गचित्र असेल तर आपण म्हणतो, असा घाट आम्ही महाबळेश्वरला पाहिला होता. माणसाचे चित्र असेल तर त्याचा स्वभाव शोधतो. चित्र प्रसंगाचे असेल तर गोष्ट सांगता येते. चार सफरचंदांची गोष्ट काय सांगणार? मग आपल्याजवळ एकच वाक्य उरते. ‘अगदी खरं वाटतं हो, उचलून खावंसं वाटतं!’ कौतुक म्हणून ते वाईट नाही. पण उचलून खावेसे वाटले की चित्र संपते, हीच त्यातली गोम.

मी ज्या चित्राविषयी लिहितो आहे ते जवळ गेल्यावर मुळीच खरे वाटत नाही. विष्णुपुरीला आमच्या जेवणाच्या खोलीत गेली सहा वर्षे त्याची एक छापील प्रत लावलेली आहे. शेजाऱ्यांचा मुलगा बोस्टनला असतो. तिथल्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये मूळ चित्र आहे, आणि त्याने ही प्रत सुरळी करून आणली. आमच्या सौ.ना आधी ते फारसे पसंत नव्हते. ‘भाजीमंडईतलं चित्र घरात कशाला?’ हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो चित्राचे वर्म अचूक सांगणारा होता. कारण हे चित्र खरोखरच मंडईतले आहे. गुस्ताव्ह कायबॉट या फ्रेंच चित्रकाराने ते १८८१-८२च्या सुमारास रंगवले. मूळ चित्र सुमारे अडीच फूट उंच आणि सव्वातीन फूट रुंद. पॅरिसमधल्या एका फळवाल्याने विक्रीला मांडलेली फळे, एवढाच विषय.

त्याआधीच्या फळचित्रांत टेबल असे, चांदीचे ताट असे, अर्धवट सोललेले लिंबू आणि काचेचा चषक असे. घरातल्या श्रीमंतीचा तो देखावा होता. कायबॉटने टेबल काढून टाकले, भिंत काढून टाकली. आपण गिऱ्हाईक म्हणून दुकानासमोर उभे आहोत आणि मान खाली घालून पाहतो आहोत, तेवढेच चित्रात आहे. सफरचंदे, नासपती, संत्री, काळसर जांभळी अंजिरे. प्रत्येकाचा वेगळा कप्पा, खाली चुरगळलेला पांढरा कागद, मध्ये मध्ये हिरवी पाने. चौकटीच्या कडेपर्यंत फळेच फळे. अजून कोणी विकत घेतलेले नाही, कोणाच्या घरी गेलेले नाही. भाव ठरायचा आहे.

हा कायबॉट गमतीचा माणूस होता. जन्म १८४८चा. सैन्याला अंथरूण-पांघरूण पुरवून वडिलांनी पैसा केला होता, त्यामुळे पोटाची चिंता नव्हती. शिक्षण वकिलीचे, हात मात्र शांत राहणारे नव्हते. शिडाच्या होड्यांचे आराखडे तो स्वतः काढी, शर्यती जिंकी, सीन नदीच्या काठी बागकाम करी. भाऊ मार्शियल आणि तो मिळून टपाल तिकिटे जमवीत. तो संग्रह एवढा मोलाचा ठरला की, आज त्यातला मोठा भाग लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. आणि तो इम्प्रेशनिस्ट मंडळींचा पाठीराखा होता. १८७४ ते १८८६ या काळात या मंडळींनी आठ प्रदर्शने भरवली. लोक हसायला येत, विकत घ्यायला येत नसत. कायबॉट मित्रांची चित्रे विकत घेई, प्रदर्शनाचा खर्च उचली आणि कधी एखाद्याचे घरभाडेही भरी. अठ्ठाविसाव्या वर्षीच त्याने मृत्युपत्र करून ठेवले की, हा संग्रह फ्रान्स सरकारला द्यावा; पण माळ्यावर टाकायला नव्हे, संग्रहालयात लावायला. १८९४ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी तो वारला. सरकारला हे दान नकोसे झाले! दोन वर्षे घासाघीस झाली आणि शेवटी साठाहून अधिक चित्रांपैकी चाळीसच्या आसपास चित्रे स्वीकारली गेली. तीच आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात पाहायला जगभरातून माणसे रांग लावतात. इतरांची चित्रे जपण्यात या गृहस्थाचे स्वतःचे चित्रकार असणे लोक जवळजवळ विसरून गेले होते. असो.

आता चित्राकडे येऊ. सात-आठ फुटांवरून पाहिले तर सफरचंद सफरचंदासारखे आहे. एक पाऊल पुढे गेलात की त्याच्या लालात हिरव्याचे फटकारे दिसू लागतात. आणखी जवळ जा. सफरचंद नाहीसे होते आणि कुंचल्याचे तुकडे तुकडे उरतात. परत मागे या, सफरचंद जागेवर! लहान मुलाला हा खेळ लावून द्यावा, अर्धा तास घर शांत राहते. चित्रकाराने रंग आपल्या डोळ्यांत मिसळायला सोडले आहेत, ताटलीत नव्हे.

पण मला या चित्रातले सगळ्यात विलक्षण वाटते ते एकही फळ नव्हे. तो फळांखालचा कागद. कागद पांढरा आहे हे आपण शपथेवर सांगू. पोस्टकार्डाला बारीक भोक पाडून त्यातून त्या कागदाचा एकेक भाग पाहा. कुठे निळसर आहे, कुठे फिका जांभळा, फळाच्या लगत पिवळट. शुद्ध पांढरा शोधावा लागतो. संत्र्याजवळच्या कागदातली निळाई काढून टाकली तर संत्रे मलूल होईल.

यामागे एका रंगारी खात्याची गोष्ट आहे. पॅरिसमध्ये गोबलाँ नावाचा सरकारी गालिचांचा कारखाना होता. तिथल्या रंगाईचा प्रमुख शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ. त्याच्याकडे तक्रार आली की, काळे सूत नीट काळे येत नाही, फिकट दिसते. त्याने तपासले तर रंगात खोट नव्हती. शेजारी निळे-जांभळे सूत विणल्यामुळे काळ्याचे तेज उतरत होते! रंग एकटा नसतो, शेजाऱ्यावर तो कसा दिसेल हे ठरते, असा त्याचा सिद्धांत. १८३९ मध्ये त्याने त्यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि पुढे चित्रकारांनी तो उचलला. आपल्या पैठणच्या विणकरांना हे सांगायला कुणा शेव्रलची गरज पडली नसती. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, आणि पदर हलला की तिसराच रंग चमकतो. त्याला धूपछाँव म्हणतात. पैठणही गोदावरीचे, विष्णुपुरीही गोदावरीचेच. इम्प्रेशनिस्टांचे चित्र म्हणजे धूपछाँव पोत, असे मी पाहुण्यांना सांगतो तेव्हा बायकांना ते लगेच कळते, पुरुषांना जरा समजवावे लागते.

आणि सावलीचे काय? सावलीत काळा मिसळा, हे आपण शाळेत शिकलो. इम्प्रेशनिस्टांनी काळ्याला बहुतेक हद्दपारच केले. त्यांचे म्हणणे असे की, सावली म्हणजे उजेडाचा अभाव नव्हे. तिथे दुसरा उजेड असतो. सूर्याचा झोत अडला तरी निळ्या आभाळाचा उजेड चहूबाजूंनी येतच असतो, म्हणून उघड्यावरची सावली निळसर असते. पटत नसेल तर हिवाळ्यात सूर्य मावळायच्या आधी विष्णुपुरीच्या काळेश्वर मंदिराकडे जा. ऊन केशरी झालेले असते. चुना दिलेल्या एखाद्या भिंतीवर स्वतःची सावली पाडा आणि ती खरोखर काळी आहे का ते पाहा. खाली शंकरसागर जलाशयाचे पाणी पसरलेले असते. त्यातल्या सावल्यांत काय काय रंग असतात ते मी लिहीत बसत नाही. मी इंजिनिअरिंग शिकवण्यात उभा जन्म घालवला, तिथे येता-जाता ते पाणी वर्षानुवर्षे दिसत होते. पाहू लागलो ते निवृत्त झाल्यावर.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, अर्धापूरकडचे. केळीचे बागायतदार. इसापूरच्या पाण्यावर आमच्या भागात केळी पसरली आणि घड मोजण्यात त्यांचा जन्म गेला. वय ब्याऐंशी. शेत आता धाकटा भाऊ पाहतो आणि आबा अधूनमधून माझ्याकडे येतात. पहिल्यांदा आले तेव्हा या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मी सरसावून कायबॉट सांगायला लागलो, तर मला थांबवून म्हणाले, ‘माल निवडून लावलाय बग यानं. डागी एक बी नाही वर.’ मग अंजिरांकडे बोट केले. ‘पर हे आज इकलं नाही तर उद्या फेकायचं.’

मी पुस्तके वाचून जे सांगणार होतो त्यात हे कुठेच नव्हते. या चित्रात घाई आहे हे मला तोपर्यंत दिसले नव्हते. अंजीर दोन दिवस टिकत नाही. चित्रकाराला ती मुदत माहीत होती आणि दुकानदारालाही. पॉल सेझान हा त्यांच्यातलाच, पण जगावेगळा चित्रकार. तो इतका सावकाश काम करी की, मांडलेली फळे सडून जात. सफरचंद त्याला परवडे, कारण ते टिकते. आणि एका सफरचंदाने पॅरिसला थक्क करीन, असे तो म्हणे, असे सांगतात. कायबॉटने अंजिरे घेतली. आबांच्या भाषेत सांगायचे तर त्याने नाशवंत मालात हात घातला.

आबांना फळ म्हणजे शोभा नव्हे. एका वैशाखात वावधान सुटले आणि आठ-पंधरा दिवसांवर कटाई आलेली बाग पाऊण तासात आडवी झाली. घडाच्या वजनाने केळ आधीच वाकलेली असते, तिला मोडायला फार जोर लागत नाही. त्या संध्याकाळी आबा बांधावर बसून होते. हिरवे घड चिखलात पडलेले, वरून स्वच्छ ऊन पडलेले. फार सुंदर दिसत होते, हे मला आज लिहितानाही अवघड वाटते. इंग्रजीत या चित्रप्रकाराला स्टिल लाइफ म्हणतात, म्हणजे निश्चल जीवन. फ्रेंच लोक त्याला मृत निसर्ग म्हणतात. आपण वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र म्हणतो. तिन्ही शब्दांपैकी फ्रेंच शब्द मला पूर्वी कठोर वाटे. बांधावरची ती संध्याकाळ आठवली की तितका वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी आबांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू निघाले. नांदेडला ऑपरेशन झाले, चार-सहा दिवसांनी पट्टी, काळा चष्मा सगळे सुटले आणि ते जेवायला बसले. घास हातातच राहिला. म्हणाले, ‘ह्ये कागद निळं कवा झालं?’ मला आधी वाटले, चित्रावर डाग पडला असेल. मग लक्षात आले. मोतीबिंदूचे भिंग वयाप्रमाणे पिवळे, तपकिरी होत जाते आणि निळा उजेड अडवते. माणसाला ते कळत नाही, कारण बदल वर्षानुवर्षे सावकाश झालेला असतो. आबा जेव्हा पहिल्यांदा चित्रासमोर उभे राहिले तेव्हा त्यांना ती निळाई दिसतच नव्हती. त्या दिवशी त्यांनी घरभर फिरून पांढऱ्या वस्तू पाहिल्या. आईचे पातळ, जे ती गेल्यानंतर त्यांनी ट्रंकेत ठेवले होते, तेही काढून पाहिले. ते पांढरे नव्हते, फिके आकाशी होते. ती नेसत होती त्या शेवटच्या वर्षांत ते त्यांना पांढरेच दिसत असणार. आबा काही बोलले नाहीत. घडी घालून त्यांनी ते परत ठेवले.

क्लोद मोने या थोर इम्प्रेशनिस्टालाही मोतीबिंदू झाला होता. १९१२ मध्ये निदान झाले, भीतीपोटी तो अकरा वर्षे टाळत राहिला. १९२३ मध्ये उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. त्यानंतर सगळे निळे दिसते म्हणून तो वैतागला, आणि रंगीत काचांचे चष्मे लावून पाहू लागला. त्या काळी कृत्रिम भिंग बसवत नसत. आपण जे पाहतो तो रंग वस्तूत किती आणि डोळ्यात किती, हा प्रश्न मोनेला शास्त्राच्या पुस्तकातून पडला नव्हता, तसा आबांनाही नाही.

थोडे हलके काही सांगतो. त्या काळच्या फ्रेंच अकादमीत चित्रांची उतरंड असे. इतिहास-पुराणाची चित्रे सर्वांत वर, फळे-भाज्या सर्वांत खाली. एदुआर माने या चित्रकाराने १८८० मध्ये शतावरीच्या कोंबांची एक जुडी रंगवली. शार्ल एफ्रुसी या रसिकाने ती ८०० फ्रँकला घेतली, पण खूश होऊन १००० पाठवले. मानेने आणखी एक छोटे चित्र काढले, त्यात एकच कोंब, आणि एफ्रुसीकडे पाठवून दिले. सोबत निरोप असा की, तुमच्या जुडीतला एक कमी पडला होता. जुडी आज जर्मनीत कोलोनला आहे आणि एकटा कोंब पॅरिसला. आपल्याकडे भाजीवाली कोथिंबिरीच्या दोन काड्या वरून टाकते, तसला हा व्यवहार.

आता आपल्या माणसाकडे वळतो. कृष्णाजी हौलाजी आरा. नांदेडकरांनी तर त्यांना जवळचे मानायला हरकत नाही. त्यांचा जन्म १९१४ मध्ये सिकंदराबादजवळच्या बोलारमचा, म्हणजे तेव्हा आपण होतो त्याच निजामाच्या राज्यातला. आई लहानपणीच गेली, वडील मोटार चालवीत. सात वर्षांचा हा मुलगा घरातून पळून मुंबईला गेला. लोकांच्या घरी नोकर म्हणून राबला, मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला. चित्रकलेच्या शाळेचे तोंड पाहिलेले नाही. टाइम्सचे कलासमीक्षक रूडी फॉन लायडन यांच्या नजरेला त्यांची चित्रे पडली. हिटलरच्या छळामुळे युरोप सोडून आलेला वॉल्टर लँगहॅमर हा ऑस्ट्रियन चित्रकार तेव्हा मुंबईत होता. त्याच्याकडे तरुण चित्रकारांची बैठक जमे आणि इम्प्रेशनिस्टांनंतरचे रंग तिथे चर्चेत असत. १९४२ मध्ये आरांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन झाले. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह ग्रुप स्थापणाऱ्या सहा जणांत ते होते.

त्या सहांपैकी बाकीचे मोठमोठे विषय घेऊन पुढे गेले. आरा मात्र पुन्हा पुन्हा टेबलाकडे येत राहिले. फुलदाणी, सुरई, वाडगा, फळे. जलरंग त्यांनी तैलरंगासारखे दाट लावले. मुंबईत एका प्रदर्शनात त्यांची अशी काही चित्रे मी पाहिली. टेबल आपल्याकडे कललेले, फळे घरंगळतील की काय असे वाटावे, पण एकही घरंगळत नाही. कायबॉटचा बारकावा तिथे नाही. ठसठशीत, काहीसे राकट काम आहे. समीक्षकांनी सेझानशी, मातीसशी त्याचे नाते सांगितले आहे, ते बरोबरच असेल. पण मला तिथे उभे असताना वेगळेच सुचले. हा माणूस पोरवयापासून परक्या घरांत कामाला होता. दुसऱ्यांच्या टेबलावर फळांचे वाडगे मांडायचे, पाहुणे उठले की आवरायचे, हे त्याच्या हातांना चांगलेच ठाऊक असणार. त्या फळांकडे पाहायला त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि खायला तर नव्हतेच. त्याच्या चित्रांतली टेबले मात्र कोणा मालकाची नाहीत. हा माझा तर्क आहे, कलेच्या इतिहासात तो शोधू नये.

आरांनी लग्न केले नाही. वाळकेश्वरच्या छोट्याशा खोलीत राहिले, हाताशी पैसा आला तेव्हा तो अडचणीतल्या चित्रकारांना दिला आणि १९८५ मध्ये गेले. कायबॉट लक्षाधीश होता, आरा घरगडी होते. मित्रांसाठी खिसा मोकळा करण्यात मात्र दोघांची जात एक.

नांदेडहून हैदराबादकडे जाणारी गाडी निजामाबाद, कामारेड्डी करत बोलारमवरून जाते. शेवटचे अर्ध्या-पाऊण तासाचे अंतर उरलेले असते, लोक बॅगा काढू लागतात. मागच्या खेपेला गाडी तिथे सिग्नलसाठी अडली. फलाटावर एक बाई पाटीत पेरू घेऊन बसली होती. खाली वर्तमानपत्र, वर चार पाने, पिकलेले एका बाजूला आणि कच्चे दुसऱ्या बाजूला, डागी खाली दडपलेले. आबा खिडकीशी होते. त्यांनी भाव विचारला, महाग आहे म्हणाले, आणि गाडी हलेपर्यंत पाटीकडेच पाहत राहिले.